शनिवारचा हौद

साहेब येणार म्हटले की आधी हौद. हे मला पंपघरात लागल्याच्या पहिल्याच वर्षी शिकवले गेले, आणि तेही तोंडी नव्हे, लेखी. त्या वेळचे साहेब न कळवता आले, हौदाच्या काठावर उभे राहिले, आत दोन मेलेले मासे तरंगताना पाहिले आणि खिशातले पेन काढले. "हौदात मासे म्हणजे ऑपरेटरचा निष्काळजीपणा," असा मेमो त्यांनी माझ्या हातात ठेवला. ते साहेब निवृत्त झाले, पुढे वारलेसुद्धा. मेमो अजून माझ्या कपाटात आहे.

आमचे पंपघर बांधाच्या पोटाशी आहे. बांधाच्या एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला पाणथळ जमीन आणि तिच्या कडेने खालची वस्ती. नदी चढली की पाणथळीतले पाणी आपणहून बाहेर जात नाही, उलट नदीच आत घुसू बघते. मग झडपा बंद करायच्या आणि पंप लावून आतले पाणी बांधापलीकडे फेकायचे. पंपाने उचललेले पाणी आधी हौदात पडते, तिथे त्याचा जोर मोडतो, आणि टोकाच्या जाळीतून ते नदीला मिळते. पंपातून पाण्याबरोबर जे काही येते ते त्या जाळीला अडून हौदात राहते. फांद्या, बाटल्या, एका पायाच्या चपला. आणि वामी.

वाम म्हणजे तो सापासारखा लांब, बुळबुळीत मासा. चिखलात दहा-बारा वर्षे गुपचूप वाढते आणि जन्मात एकदाच, अंडी घालायला, समुद्राकडे निघते. निघते कधी, तर पाणी चढले की. आणि आम्ही पंप लावतो कधी, तर पाणी चढले की. मिनिटाला चारशे फेरे घेणाऱ्या पात्यांतून हातभर लांबीचा जीव धड बाहेर पडत नाही. दर शनिवारी मी दाताळे घेऊन हौदात उतरायचो, तुकडे ओढून काढायचो, हातगाडीत भरायचो आणि पंपघरामागच्या खड्ड्यात टाकून वर माती लोटायचो. रजिस्टरात लिहायचो, "हौद साफ केला. पालापाचोळा व कचरा." माशांसाठी रकाना नव्हता. असता तरी मी तो भरला नसता, एक मेमो मला जन्माला पुरला.

माझी लेक ठकी लहानपणी शनिवारची शाळा सुटली की थेट हौदावर यायची. लाकडी बाहुलीसारखी ताठ बसायची काठावर, म्हणून ठकी. मी दाताळे ओढायचो आणि ती प्रश्न विचारून माझे डोके खायची. एकदा एक वाम जिवंत निघाली, बोटाएवढी जाड, कशी कोण जाणे पात्यांच्या फटीतून सुटलेली. ठकीने ती बादलीत घातली, दोन्ही हातांनी बादली उचलून बांध चढली आणि पलीकडे नदीत सोडून आली.

"ही आता कुठं जाणार, बाबा?"

"समुद्रात."

"आणि बाकीच्या?"

"बाकीच्या आळशी आहेत. त्यांना जायचंच नाही."

आठ वर्षांची पोर. तिने हातगाडीत पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. "त्या कापल्या गेल्यात, बाबा," ती म्हणाली. मी खोटे बोललो याचे तिला काही वाटलेले दिसले नाही. मला वाटले, पण ते तेवढ्यापुरते.

पुढे ती माशांचेच शिकली. "एवढं शिकून शेवटी मासेच मोजणार," असे तिची आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, आणि सांगताना तिचा ऊर भरून यायचा. ठकी आमच्याच पूर खात्यात लागली, मोठ्या कचेरीत. मी पंपघरात तेलकट हातांनी, ती तिसऱ्या मजल्यावर संगणकापुढे. सुट्टीला घरी आली की जेवताना एकच विषय. बाहेर कुठे कुठे असे पंप बसवतात म्हणे, ज्यातून मासा सबंध बाहेर पडतो. पाती तीनच, पण रुंद, कडा गोलसर, फेरे संथ. पाणी तेवढेच उचलले जाते.

"मासा आत गेला की त्याला फार तर चक्कर येईल," ती म्हणाली. "पण बाहेर पडेल तो जिवंत."

"म्हणजे आता पंपघरात माशांसाठी पाळणे लावणार," मी म्हणालो.

"लावणार. तुमच्याच पंपघरात लावणार."

ती हसत होती, पण तिचे ठरलेले होते. आमच्या मागची पाणथळ जिल्ह्यात सगळ्यांत मोठी. तिथे वाम आहे तेवढी कुठेच नाही, आणि पंप तिला दर मोसमाला कापून काढतात, असे तिने कागद काढून काढून दोन वर्षे कचेरीला पटवले. शेवटी खात्याने एक नवा पंपसंच मंजूर केला. एकच. तो आमच्याकडे बसवायचा की वरच्या अंगाच्या पंपघरात, हे पाहणी करून ठरणार होते. ज्याला मिळणार नाही त्याचे जुने पंप दुरुस्त होऊन आणखी वीस वर्षे चालणार.

यातले मंजुरीचे, पाहणीचे काहीही मला तेव्हा माहीत नव्हते. कचेरीत आधीच कुजबूज होती, बापाचे पंपघर आणि लेकीचा अहवाल. म्हणून ठकीने लिहून दिले होते, की पंपघराच्या कर्मचाऱ्यांचे म्हणणे नोंदवून होईपर्यंत मी त्यांच्याशी या विषयावर बोलणार नाही. ती एकदा लिहून दिले की त्याला जागणारी. मला फक्त एक पत्र आले. बुधवार ते शुक्रवार पाहणी, मोठे साहेब स्वतः येणार, सोबत अमुक अमुक अधिकारी, त्यात लेकीचे नाव. खाली एक ओळ, "कामकाज नेहमीप्रमाणे चालू ठेवावे." मी तिला फोन केला.

"कसली पाहणी गं?"

"बाबा, मला त्याबद्दल बोलता येणार नाही."

"बरं बाई. मोठी माणसं तुम्ही."

"तुम्ही फक्त रोजच्यासारखं करा," ती म्हणाली. तिने बुधवार का निवडून घेतला होता ते आज मला कळते. हौद शनिवारी साफ होतो हे तिला बाहुलीच्या वयापासून माहीत. बुधवारी त्यात चार दिवसांचे साठलेले असणार. नदी आठवडाभर चढलेली होती, पंप अहोरात्र चालू होते. तिला फक्त येऊन मोजायचे होते.

मला हे सुचायला हवे होते. नाही सुचले. माझ्या डोक्यात एकच घोळत होते, की लेक साहेबांबरोबर येणार आणि बापाचे पंपघर बघणार. मंगळवारी दुपारी मी हौदात उतरलो. बुधवारी सकाळी सहाला पुन्हा उतरलो. दोन वेळचे मिळून चार हातगाड्या निघाल्या. इतक्या वामी मी एका खेपेला कधी पाहिल्या नव्हत्या. मी त्या पुरल्या, दाताळे धुतले, काठावर फडके मारले आणि मोटारींच्या पितळी पाट्यासुद्धा पुसल्या. रोजच्यासारखे करा म्हणाली होती. सत्तावीस वर्षे साहेब येणार म्हटले की माझे रोजचे ते हेच.

दहाला गाडी आली. साहेबांच्या पायात कोरे गमबूट होते, त्यांना अजून दुकानाचा वास येत असावा. मागे ठकी, हातात वही. मी तिला घरच्यासारखी हाक मारली नाही, "या मॅडम" म्हणालो. माझ्या मते ही गंमत होती. ती हसली नाही. ती सरळ हौदाकडे गेली, काठावर उभी राहिली आणि खाली बघतच राहिली. पाणी नुसते फेसाळत होते, वाम निघते ती रात्रीची. दोन पाने, एक बाटली. तिचा चेहरा उतरला. मला वाटले, प्रवासाने दमली.

"पंपघर असावं तर असं," साहेब म्हणाले. मग त्यांनी खिशातून छापील कागद काढला. "तुम्हाला दोन प्रश्न विचारायचेत. हौदात साधारण काय काय निघतं?"

"पालापाचोळा साहेब. बाटल्या, पिशव्या."

"मासे?"

इथे मला थांबायला हवे होते. माझ्या कानात मेमो वाजला, निष्काळजीपणा. आणि समोर लेक उभी, तिच्यासमोर तिचा साहेब मला विचारतो आहे की तुमच्या पंपात मासे मरतात का.

"छे छे. मासे कुठले साहेब? आमचे पंप कसे ठेवलेत बघा तुम्ही. सत्तावीस वर्षांत मासा नाही."

"मॅडम, लिहून घ्या," साहेब म्हणाले. आणि ठकीने लिहिले. मान खाली घालून, सुवाच्य अक्षरात, माझेच वाक्य. मी तिच्या अक्षराकडे कौतुकाने बघत होतो. असा मूर्ख बाप शोधून सापडायचा नाही.

साहेब मोटारी बघायला आत गेले तेव्हा ती पंपघराच्या मागे गेली. मी चहाचे विचारायला तिच्या मागोमाग गेलो. खड्ड्यावर ताजी माती होती, आणि तिच्यावर दोन कावळे. एकाच्या चोचीत वामीचे शेपूट होते. ठकीने कावळे हाकलले. मग, अजून आठवते, तिने एकदा आतल्या बाजूला पाहिले, साहेब येत नाहीत ना म्हणून, आणि बुटाने ती माती दाबली. नीट, सगळीकडून, एकही तुकडा वर दिसणार नाही अशी.

त्या दुपारी नदी उतरली. झडपा उघडल्या, पंप बंद झाले. गुरुवारी आणि शुक्रवारी हौदात पडायला काही उरलेच नाही.

बुधवारी संध्याकाळी ती घरी आली. तिच्या आईने ताट वाढले, तिने बाजूला सारले आणि नव्या पंपाची, पाहणीची, सगळी गोष्ट सांगितली. मोजणीत शून्य आले आणि कर्मचाऱ्याचे म्हणणेही शून्य, की संच वरच्या पंपघराला जाणार. माझ्या हातातला घास हातातच राहिला.

"मग आधी सांगायचं नाही का?" मी म्हणालो.

"लिहून दिलं होतं, बाबा."

"बापाशी कसलं आलंय लिहून देणं?"

"बापाशीच तर होतं." तिने ताट आणखी लांब सारले. "तुम्ही खोटं का बोललात? मी विचारत नव्हते. तो माणूस विचारत होता, आणि तुम्हाला फक्त खरं सांगायचं होतं."

"तुझ्यासाठीच बोललो. तुझी मान खाली जाऊ नये म्हणून."

तिची आई इतका वेळ ऐकत होती. "तिच्यासाठी नाही," ती म्हणाली. "तुमच्या त्या कपाटातल्या कागदासाठी." तीस वर्षांच्या संसारात ही बाई इतके नेमके क्वचितच बोलली असेल.

"शुक्रवारपर्यंत साहेब इथं आहेत," ठकी म्हणाली. "तुम्ही स्वतः जाऊन सांगा, की चुकून बोललो, हौद सकाळी साफ केला होता, मासे निघाले होते. स्वतः सांगितलं तर समज देऊन सोडतील. मी लिहिलं तर मला 'कर्मचाऱ्याने पुरावा लपवला' असं लिहावं लागेल. त्याला तोच शब्द आहे. मग चौकशी होते, निलंबन होतं."

"आठ महिने राहिलेत माझे."

"माहितीये मला. म्हणून तर मी लिहिणार नाही. तुम्हीच सांगा."

तिने सगळे माझ्यावर सोडले होते. शुक्रवारी सकाळी मी साहेबांपुढे चहा घेऊन गेलो. ते कागद चाळत होते, ठकी खिडकीपाशी उभी होती. मी कप ठेवला आणि तिथेच घुटमळलो.

"काही म्हणायचंय का?" साहेबांनी विचारले.

आठ महिने. सत्तावीस वर्षांत एक मेमो, बाकी पाटी कोरी. "नाही साहेब," मी म्हणालो. "साखर कमी वाटली तर सांगा." खिडकीपाशी वही मिटल्याचा आवाज आला.

नवा संच वरच्या पंपघराला गेला. तिथला ऑपरेटर म्हणजे आमच्या खात्याचे भूषण. कधीही काही सांगा, "उद्या करतो," म्हणून त्याचे नावच उद्या पडलेले. त्याने दोन वर्षे हौद साफ केला नव्हता. पाहणीवाल्यांना तिथे त्रेचाळीस सांगाडे मिळाले, दोन वर्षांचे साठलेले. त्याच्या पंपघरामागे बाजाराची गटारे आहेत, वाम तिकडे चुकूनमाकून जाते. आता तिथे संथ पात्यांचा पंप फिरतो आहे आणि त्यातून कोबीची पाने सुखरूप बाहेर पडतात. आमचे जुने पंप दुरुस्तीला काढले. आणि मला कचेरीतून पत्र आले, उत्कृष्ट स्वच्छतेबद्दल. मी ते मेमोच्या वर ठेवले, मग मेमोच्या खाली ठेवले. कुठेही ठेवले तरी ते माझ्याकडे बघत होते.

ठकी भांडली नाही. भांडली असती तर बरे झाले असते. तिचे फोन येत राहिले, पण आईला. "बाबा बरे आहेत ना?" एवढे विचारायची, आणि मी शेजारीच बसलेला असायचो.

महिनाभर मी असा काढला आणि मग कचेरीत गेलो. इस्त्रीचा शर्ट घालून तिसरा मजला चढलो. ठकी त्या दिवशी दौऱ्यावर होती, ते बघूनच गेलो होतो. साहेबांना सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुम्ही तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय?"

"तेव्हा, साहेब. खड्डा उकरून बघा."

"उकरतो. मासे निघाले, समजा. मग मी विचारणार, की पाहणीला आलेल्या तुमच्या मुलीला हा खड्डा दिसला नाही का? दिसला असेल तर तिने का लिहिलं नाही?" त्यांचा आवाज चढला नव्हता. माणूस वाईट नव्हता तो. "तुम्ही चाललात घरी. तिची नोकरी अजून तीस वर्षं आहे. मागचं राहू द्या. दुरुस्त झालेले पंप पुढच्या मोसमात चालू होतील. तेव्हा ताजं काही दिसलं तर दाखवा, मी फाइल उघडतो. फोटो नकोत, फोटो कुठलेही आणता येतात. मला माझ्या डोळ्यांनी दिसलं पाहिजे."

एवढा एक धागा घेऊन मी परत आलो. माझे आठ महिने संपता संपता मोसम लागला. शेवटच्या पंधरवड्यात नदी चढली, दुरुस्त पंप सुरू झाले, आणि हौदात पहिल्याच दिवशी तीन वामी आल्या. निरोपाचा कार्यक्रम पंपघरातच ठरला होता, त्यालाच जोडून दुरुस्त पंपांचे उद्घाटन. मोठे साहेब येणार होते. मी मनाशी ठरवले, शनिवार आला तरी हौदाला हात लावायचा नाही. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा तो शनिवार मी खुर्चीवर बसून काढला. हात शिवशिवत होते. तरी नाही उठलो. नऊ दिवसांत हौदाच्या जाळीला पांढऱ्या पोटांचा थर लागला, वास बांधावर येऊ लागला. मी कोणाला काही बोललो नाही. खात्यात एक शब्द सांडला की तो तिसऱ्या मजल्यावर पोचतो.

फक्त ठकीला फोन केला, मी स्वतः.

"निरोपाला ये. आणि आलीस की आधी हौद बघ."

ती म्हणाली, "नक्की ना, बाबा?"

"नक्की. या वेळी साहेबांचा हात धरून मी दाखवणार आहे."

"येते," ती म्हणाली. त्या एका शब्दात आठ महिन्यांपूर्वीची ठकी होती. त्या दिवशी मला जेवण गेले.

निरोपाच्या दिवशी सकाळी मी पंपघरात गेलो नाही. ठकीच्या आईने नवे बूट आणले होते, ते चावत होते. आम्ही दोघे साडेदहाला पोचलो. आवारात खुर्च्या मांडलेल्या, वरच्या पंपघराचा उद्यासुद्धा वेळेवर आला होता. ठकी बसने परस्पर आली होती आणि फाटकापाशीच थांबली होती. मला बघून ती हसली. साहेब गाडीतून उतरले तसा मी पुढे झालो. आयुष्यात कधी साहेबाच्या अंगाला हात लावला नव्हता, तो लावला. त्यांचे कोपर धरले.

"साहेब, आधी हौद बघा."

"अहो, आधी कार्यक्रम..."

"आधी हौद."

आम्ही काठावर गेलो. ठकी माझ्या दुसऱ्या बाजूला होती.

हौद लख्ख होता. उद्घाटनासाठी पंप थोडा वेळ बंद ठेवलेले, त्यामुळे तळाची फरशी दिसत होती. एक पान नाही, एक बाटली नाही. जाळी घासून काढलेली. भिंतीला टेकवलेल्या दाताळ्यातून पाणी गळत होते, आणि त्याच्या शेजारी, बाह्या सरसावून, टाइमटेबल उभा होता.

टाइमटेबल म्हणजे माझा दुसऱ्या पाळीचा जोडीदार. वीस वर्षांत एकदाही पाच मिनिटे उशिरा आला नाही, म्हणून टाइमटेबल. दोन मुलींची लग्ने व्हायची आहेत, नोकरीची सहा वर्षे उरली आहेत. पंपघरातले सगळे काम त्याला मी शिकवले. पहिल्या दिवशी काय शिकवले असेल ते वेगळे सांगायला नको.

"वा," साहेब म्हणाले. "शेवटच्या दिवशीसुद्धा? कोणी केलं हे?"

टाइमटेबलने माझ्याकडे पाहिले. डोळ्यांत नुसते प्रेम. कोणी कोणाला काही भेट द्यावी तशा आवाजात तो म्हणाला, "दादांनीच साहेब. सकाळी सहाला उतरले होते. आम्ही नको नको म्हणत होतो, पण ऐकतात कुठं."

मी तोंड उघडले. खरे काय ते सांगायला एक वाक्य पुरे होते. हौद याने साफ केला, मासे मागच्या खड्ड्यात आहेत, चला. पण त्या वाक्याला खात्यात एक शब्द आहे, पुरावा लपवला, आणि आत्ताच साहेबांच्या तोंडावर केलेले हे प्रेमाचे खोटेही त्यात धरले जाणार. तो शब्द टाइमटेबलच्या नावापुढे लागणार. त्याने केले काय, तर मी शिकवलेले.

ठकी हौदाकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. मी काय बोलतो याची वाट बघत होती, त्या शुक्रवारी खिडकीपाशी बघत होती तशी.

मी मान हलवली. "हो साहेब. मीच."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी माझी पाठ थोपटली.

"छान ठेवलंय, बाबा," ठकी म्हणाली.

भाषणे झाली. मला भिंतीवरचे घड्याळ मिळाले, आता वेळ बघून मी करणार काय. साहेबांनी कळ दाबली, पंप घरघरले, पुन्हा टाळ्या झाल्या आणि सगळे खाण्याच्या टेबलाकडे वळले. टाइमटेबल माझ्या कानाशी आला. "दादा, तीन गाड्या निघाल्या. किती घाण साठली होती. तुमची तब्येत बरी नसणार, मी ओळखलं. आजच्या दिवशी तुम्हाला खाली बघायला लागू नये म्हणून पहाटेच आलो." मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दुसरे काय करणार होतो?

ठकी खुर्च्यांत नव्हती. मी पंपघराच्या मागे गेलो. ती खड्ड्यापाशी उभी होती, हात खिशात घालून. माती ताजी, भुसभुशीत, आणि कडेला एका वामीचे डोके उघडे पडले होते. कावळे कुंपणावर येऊन बसले होते.

"ठके, मी नाही केला हौद. टाइमटेबलने..."

"बाबा, नको."

"अगं खरंच. तो समोर उभा होता, मी कसं..."

"त्याचं नाव नका घेऊ," ती म्हणाली. रागाने नाही. थकून म्हणाली. "दर वेळी कोणासाठी तरीच असतं तुमचं."

ती निघाली. मी वाट बघत होतो, की जाता जाता ती त्या मातीवर पाय ठेवेल. तिने ठेवला नाही. ती खड्ड्याला वळसा घालून गेली, आईला भेटली, आणि एकच्या बसने परत गेली.

पलीकडे हौदात पाणी पडत होते. पुढून कोणीतरी हाक मारत होते, दादा, साहेब निघाले. दोन कावळे कुंपणावरून खाली उतरले. मी त्यांना हाकलले. टाइमटेबलला अजून माती नीट दाबता येत नाही. मी एकदा आवाराकडे पाहिले, कोणी येत नाही ना म्हणून, आणि नव्या बुटांनी ती दाबून घेतली.